शंभरावं डोकं

आमच्या ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहात दाराशेजारी एक चौकट टांगली आहे. तिच्यात तालुक्याच्या कार्यालयाचं एक पत्र आहे आणि पत्राच्या वरच्या बाजूला संदर्भ म्हणून माझं नाव आहे: श्री. मार्तंड विष्णू जोशी यांचा अर्ज. गावात कोणी साहेब आले की सरपंच कल्याणराव त्यांना आधी ती चौकट दाखवतात, आणि मी जवळपास असलो तर मलाही दाखवतात. हे सगळं नानांमुळे झालं, असं सांगतात. त्यात खोटं काही नाही. हे सगळं माझ्यामुळेच झालं.

मी चौतीस वर्षं पंचायत समितीत कारकुनी केली. निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. गाव तिसगावपासून सात किलोमीटर, म्हणजे फार आडवळणी नाही, पण ग्रामसभेच्या बाबतीत ते जगाच्या बाहेरच होतं. सभेची नोटीस फळ्यावर लागायची, बन्सी शिपाई दवंडीही द्यायचा, आणि तरी सभेला वीस-पंचवीस टाळकी जमायची. गणपूर्तीला हवीत शंभर. मग बन्सी दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर घेऊन दूध डेअरीवर जाऊन बसायचा. ज्यानं दूध घातलं त्यानं आपल्या पासबुकात लीटर लिहून घ्यायचं आणि जाता जाता बन्सीच्या रजिस्टरात सही ठोकायची. फॅट किती लागली याकडे सगळ्यांचं लक्ष, सही कशावर करतोय हे कोणी बघत नव्हतं. अशा रीतीनं आमच्या गावात वर्षानुवर्षं सभा भरत होत्या आणि ठराव सर्वानुमते होत होते.

मला याचा राग यायचा. सरकारी कारकुनाला कागद खोटा असणं जितकं जिव्हारी लागतं तितकं दुसऱ्या कुणाला लागत नसावं. पण नुसत्या रागानं मी काही केलं नसतं. ते करायला लावलं गोजरबाईनं.

गोजरबाई ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. वस्ती म्हणजे अकरा घरं, गावापासून तीन किलोमीटर. तिचा नवरा सहादेव वारल्याला आठ महिने झाले होते, आणि एक दिवस ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. वारसनोंदीसाठी तिनं ग्रामपंचायतीतून काही नकला काढल्या होत्या, त्यात चुकून गेल्या महिन्यातल्या सभेच्या हजेरीचं पानही आलं होतं. तिच्या सुनेनं, रेश्मानं, ते वाचून दाखवलं होतं. त्यात सहादेवची सही होती. डेअरीवर कुणीतरी त्याच्या खात्यावर दूध घालत होतं, सहीही त्याच्या नावानं करत होतं.

"नाना," ती म्हणाली, "माझा मालक सभेला आल्ता म्हनं. घरी न्हाई आला."

तिच्या तोंडावर हसू होतं की काय ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी अर्ज लिहायला बसलो.

तीन मागण्या केल्या. सभेत डोकी प्रत्यक्ष मोजावीत. सभेचं चित्रीकरण करावं. आणि आजारी, अपंग किंवा बाहेरगावी असलेल्या मतदाराला मोबाईलवरून सभेत भाग घेऊ द्यावा व त्याची हजेरी धरावी. पहिल्या दोन मागण्या सुरुवातीपासूनच्या. तिसरी मी नंतर घातली, कारण मधल्या काळात गोजरबाई चालायची थांबली.

श्रावणात गोठ्यात पाय घसरून ती पडली आणि खुबा मोडला. वस्तीला जायला रस्ता म्हणजे काळ्या मातीची वाट. पाऊस पडला की तिच्यात बैलगाडीसुद्धा रुतते, आणि मध्ये ओढा. त्या दिवशी तिला बाजेवर घालून चार माणसांनी ओढ्यातून काढलं. ॲम्ब्युलन्स अलीकडे डांबरीवर उभी होती. बाज तिथवर पोचायला चार तास लागले, नगरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. हाड बसलं ते वाकडं बसलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की पुन्हा शस्त्रक्रिया करता येईल, बाई चालू लागेल, पण नंतर तीन महिने आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणावं लागेल. आठवड्यातून दोनदा बाज कोण उचलणार? तिचा मुलगा आदिनाथ केडगावला खोली घेऊन कंपनीत जात होता, शनिवारी येत होता. वस्तीवरची निम्मी माणसं अशीच बाहेर. रस्ता झाला तर रिक्षा दारात येणार होती. रस्ता म्हणजे गोजरबाईचा पाय, इतका साधा हिशेब होता.

आणि रस्ता होणार होता. खोटं नाही सांगत, तो मंजूरच होता. गावाच्या आदल्या वर्षीच्या विकास आराखड्यात वस्तीचा रस्ता आणि ओढ्यावर नळ्या टाकून मोरी, हे काम पहिल्या क्रमांकावर होतं. गोजरबाईला तो क्रमांक, ते पान, ती ओळ पाठ होती. सव्वीस जानेवारीच्या सभेत आराखड्याचं वाचन होऊन तो वर जायचा होता. सभा झाली नसती, तरी जुना आराखडा जसाच्या तसा वर जाणार होता. हे मला ठाऊक होतं. चौतीस वर्षं मी तेच केलं होतं.

दीड वर्ष, अकरा अर्ज, एक अपील आणि एक सुनावणी, इतक्या खटपटीनंतर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते पत्र आलं. तिन्ही मागण्या मान्य. मी गावात पेढे वाटले. सरपंचांनाही दिला. त्यांनी तो अर्धा खाल्ला आणि उरलेला बन्सीच्या हातावर ठेवला.

मग मी चालत वस्तीवर गेलो, गोजरबाईला मोबाईलवरची सभा शिकवायला. घरात रेंज नव्हती. गोठ्याशेजारच्या कडुनिंबाखाली दोन दांड्या यायच्या. रेश्मानं आणि शेजारच्या लंकाबाईनं मिळून बाज तिथे आणली. पहिल्यांदा जोडून दिलं तर बाईनं फोन सवयीनं कानाला लावला आणि माझ्या मोबाईलवर मला नुसता तिचा कान दिसला, कुडीसकट. रेश्मा हसून हसून खाली बसली. मग मी सांगितलं, फोन समोर धरायचा, बोलायचं असलं की हात वर करायचा, तो पडद्यावर सगळ्यांना दिसेल. हात वर करायचं तिला फार आवडलं. दोन-तीनदा करून बघितलं.

काय बोलणार ते विचारलं. ती म्हणाली, रस्ता द्या एवढंच. मी म्हटलं, एवढंच नको, जरा नीट मांडा. ती म्हणाली, नाना, मागायचं ते एका दमात मागावं, लांबण लावली की माणसं गप्पा मारायला लागतात. पंचायत समितीतल्या कुणाही साहेबाला हे कळलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि देवळाच्या सभामंडपात सभा सुरू झाली. भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली होती, तालुक्याहून भाड्यानं पडद्याचं यंत्र आणलं होतं, एक माणूस चित्रीकरण करत होता. मी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. चादरीवर गोजरबाई दिसत होती. हिरवं नवं लुगडं नेसून बाजेवर ताठ बसलेली, मागे कडुनिंबाचा बुंधा आणि एक शेळी. बायकांच्या बाजूला कुजबूज झाली. दीड वर्षानं तिला गावानं बघितलं होतं.

भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, उभे राहून डोकी मोजू लागले. एकदा मोजली, पुन्हा मोजली. नव्व्याण्णव. सरपंचांच्या भावकीतली तीसेक माणसं नेवाशाला लग्नाला गेली होती, ती यायची होती, आली नव्हती. सरपंच सारखे रस्त्याकडे बघत होते. भाऊसाहेब त्यांच्या कानाशी लागले. सभा तहकूब करावी लागेल, असं ते म्हणत असणार. सरपंचांचा चेहरा पडला.

मी ते बघत होतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात रस्ता नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे लोक माझं पत्र डावलतायत. पडद्यावर माणूस समोर बसलेलं दिसतंय आणि हे त्याला मोजत नाहीत. दीड वर्ष मी याचसाठी चपला झिजवल्या होत्या.

मी उठलो. माईक हातात घेतला. पत्र वाचून दाखवलं, जावक क्रमांकासकट. मग चादरीकडे बोट करून म्हणालो, "नव्व्याण्णव इथे आणि एक तिथे. गणपूर्ती झाली. सभा सुरू करा."

भाऊसाहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले.

"नानांचा नियम हाय," ते माईकवर म्हणाले. "नियम म्हंजे नियम. गोजरबाईला धरा."

टाळ्या पडल्या. मी खाली बसलो तेव्हा माझे कान गरम झाले होते. मी जिंकलो होतो. बायकांच्या बाजूनं माझी बायको इंदू माझ्याकडे टक लावून बघत होती, पण मला वाटलं कौतुकानं बघत असेल.

आराखडा वाचला गेला. गोजरबाईला बोलायची संधी मिळाली आणि ती एका दमात बोलली. म्हणाली, मी दीड वर्षानं गावात आले, अशी आले. पुढच्या झेंड्याला मला माझ्या पायानं यायचंय. रस्ता द्या, पाय मी बघून घेते. इतकंच. एक-दोघींनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता याच्यापुढे कोणी काही बोलूच शकणार नाही.

मग सरपंच म्हणाले, ऐनवेळचे विषय.

प्रत्येक ग्रामसभेच्या नोटिशीत शेवटी ही ओळ असते: माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ती मी स्वतः हजारदा टाईप केली असेल. तहकूब सभेत ऐनवेळचा विषय घेता येत नाही, हेही मी नव्या पोरांना शिकवलेलं आहे. तो घ्यायला गणपूर्ती झालेली, पहिलीच सभा लागते. हे मला बसल्या जागी आठवलं, तोवर माईक सरपंचांच्या हातात गेला होता.

सरपंच उत्तम बोलतात, हे कबूल करायला हवं. ते म्हणाले, आज आपल्या गावानं इतिहास घडवला. तीन किलोमीटरवरून एक माउली सभेला हजर झाली. बाज लागली नाही, चार माणसं लागली नाहीत, ओढा आडवा आला नाही. बसल्या जागी आली, बोलली, तुम्ही ऐकलं. मग मला सांगा, ज्या माणसाला घरबसल्या गावात येता येतं, त्याला रस्ता कशाला लागतो?

आधी थोडे हसले. मग जरा जास्त हसले. हशा कसा पसरतो ते मी त्या दिवशी पाहिलं. ज्या बायांनी डोळ्याला पदर लावला होता त्याही हसल्या.

ते पुढे म्हणाले की रस्ता अकरा घरांचा आणि सभागृह सगळ्या गावाचं. मोठा पडदा असलेलं पक्कं सभागृह बांधू, सगळ्या वस्त्या त्याला जोडू. असं गाव तालुक्यात दुसरं नसेल. रस्त्याचा निधी सभागृहाला वळवावा, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. मग जरा गंमत म्हणून की काय, चादरीकडे वळून विचारलं, "गोजरबाई, तुमाला काय पायजे, रस्ता का? रस्ता पायजे असंल तर हात वर करा."

चादरीवरची गोजरबाई हलली नाही. तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धे मिटलेले, शेळीसुद्धा जागच्या जागी. चित्र अडकलं होतं. कडुनिंबाखालच्या दोन दांड्यांतली एक गेली असणार. मी ओरडलो की रेंज गेली आहे, थांबा. सरपंच थांबले. सगळ्यांना दिसेल असे थांबले. घड्याळात बघून म्हणाले, नको दिसतोय बाईला. पुन्हा हशा झाला.

"बरं," ते म्हणाले, "सभागृहाला ज्यांची मंजुरी हाय त्यांनी हात वर करावा."

आणि तेव्हा चित्र सुटलं. चादरीवर गोजरबाईचा हात वर गेला. नुसता हात नाही, अख्खा दंड वर गेला. मी शिकवला होता तसा, सगळ्यांना दिसेल असा. तिच्यापर्यंत आत्ता कुठे आधीचा प्रश्न पोचला होता.

असं हसणं मी आमच्या देवळात कधी ऐकलं नाही. लोक मांडीवर थापा मारत होते. मी उठून उभा राहिलो, ती रस्त्याला हात वर करतेय असं सांगत होतो, पण माईक माझ्याकडे नव्हता. सरपंचांनी हसता हसता भाऊसाहेबांना सांगितलं की लिहा, अनुमोदक गोजरबाई सहादेव. भाऊसाहेबांनी लिहिलं. खाली हात मोजले गेले आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

चादरीवरची बाई टाळ्या बघत होती. तिनं हात खाली घेतला, पदर सावरला आणि दोन्ही हात जोडून सगळ्या गावाला नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं होतं, रस्ता झाला. मग चित्र गेलं.

घरी आल्यावर इंदू पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात, तर काय झालं असतं?"

तिला उत्तर माहीत होतं. मला तर नियमासकट माहीत होतं.

मी वस्तीवर आठ दिवस गेलो नाही. गुडघा दुखतोय असं इंदूला सांगितलं. खरं म्हणजे मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, आणि कुणी दुसरं सांगेल, अशी नीच आशा मनात होती. कुणी सांगितलं नाही. रेश्मानं माझ्या फोनवर दोनदा फोन केला, मी उचलला नाही. आठव्या दिवशी गेलो तर लंकाबाई वाटेतच भेटली आणि म्हणाली, नाना, तुमचा गूळ राहिलाय. सभेच्या दिवशी दुपारी गोजरबाईनं अकरा घरांना गूळ वाटायला लावला होता आणि माझा वाटा पुडीत बांधून ठेवला होता.

मी तिच्या बाजेशेजारी बसून सगळं सांगितलं. अनुमोदकाचंही सांगितलं. रेश्मा आतून येऊन चौकटीत उभी राहिली. बाईनं मला मध्ये अडवलं नाही. नंतर बराच वेळ ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"मालक मेल्यावर सभेला गेला, अन् मी जित्ती आसून गेले," ती म्हणाली. "दोघांचंबी सारखंच झालं, न्हाई का?"

मग तिनं रेश्माला सांगितलं, नानांना गूळ दे. मी तो घेतला. घेतला नसता तर बरं झालं असतं, पण घेतला.

मी तक्रार केली, अर्थातच. मला दुसरं येतं काय? चित्रीकरण मागवा, असं मीच लिहिलं. त्यांनी मागवलं. चित्रीकरणात श्री. मार्तंड जोशी हे स्वतः सभा वैध असल्याचं माईकवरून सांगताना स्पष्ट दिसतात आणि श्रीमती गोजरबाई या हात वर करून अनुमोदन देताना स्पष्ट दिसतात, सबब तक्रार निकाली काढण्यात येते, असं उत्तर आलं. भाषा निर्दोष होती. मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

सरकारी कामाला कधी नव्हे ती घाई झाली आणि सभागृह पंधरा ऑगस्टला उभं राहिलं. गुळगुळीत फरशी, दीडशे खुर्च्या, भिंतीएवढा पडदा. उद्‌घाटनाला रेश्माच्या फोनवर बन्सीनं चारदा जोडून बघितलं. तिनं उचलला नाही. तरी हजेरीत गोजरबाईचं नाव घातलं गेलं.

सप्टेंबरच्या शेवटी तो पाऊस आला. आमच्या कोरड्या भागात असा पाऊस कुणी बघितला नव्हता. ओढा दोन्ही काठ सोडून शेतातून वाहू लागला. वस्तीवरची लाइट गेली. वस्तीवरची कर्ती माणसं बाजाराला म्हणून तिसगावला आली होती, ती अलीकडे अडकली. पलीकडे राहिल्या बाया, पोरं आणि दोन म्हातारे.

गोजरबाईला ताप चढला आणि छाती भरून आली. ॲम्ब्युलन्स डांबरीवर येऊन उभी राहिली, या वेळी बाज अलीकडे आणायला माणसंही नव्हती आणि वाटही नव्हती. सरपंचांनी डॉक्टरांना सभागृहाच्या पडद्यावर जोडून दिलं. मी तिथे होतो. डॉक्टरांनी बाईला फोन छातीजवळ धरायला सांगितला, श्वास ऐकला, आणि म्हणाले की हिला ताबडतोब दवाखान्यात हलवा. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आदिनाथ केडगावहून आला आणि ओढ्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. त्यानं दोनदा पाण्यात पाय घातला, दोनदा लोकांनी त्याला धरून मागे ओढलं. आदल्याच दिवशी शेजारच्या गावात एक जण वाहून गेला होता. पाणी उतरायची एक दिवस वाट पाहिली. उतरलं नाही, आणि पुढचे दोन दिवस आणखी पाऊस सांगितला होता. प्रेत किती ठेवणार? दुपारी जरा उघडीप झाली तेव्हा पलीकडच्यांनी उरकायचं ठरवलं.

सरपंच आदिनाथला खांद्यावर हात टाकून सभागृहात घेऊन आले. गावानं त्याच्याबरोबर असायला हवं, असं ते म्हणाले, आणि गाव आलं. इतकी माणसं त्या सभागृहात एकदम कधी जमली नव्हती. खुर्च्या भरल्या, मग लोक भिंतींना टेकून उभे राहिले. वस्तीवरचे अडकलेले आठ जण पहिल्या रांगेत बसवले होते. आदिनाथ पडद्यासमोर जमिनीवरच बसला. मी दाराजवळ उभा होतो, त्या चौकटीखाली. सवय वाईट, मी डोकी मोजली. एकशे बासष्ट.

लंकाबाईनं फोन धरला होता. पडद्यावर कडुनिंब दिसला, ओला, आणि त्याच्याखाली तीच बाज. वर गोजरबाई. हिरवं लुगडं. आमच्या बाजूनं कुणीतरी हुंदका दिला, तो आदिनाथ नव्हता. आदिनाथ नुसता बघत होता.

बराच वेळ पडद्यावर काही होईना. मग रेश्मा फोनजवळ आली. केस ओले, कपाळावर चिखल. तिनं पडद्यात कुणाला तरी शोधलं. मला वाटलं नवऱ्याला शोधतेय.

"नाना हायत का तिथं?" तिनं विचारलं.

लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे गेलो. म्हणालो, आहे.

"तिथं मानसं किती हायत?"

मी आकडा सांगितला. तो तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबलो.

"हिकडं खांद्याला दोन कमी पडत्यात," रेश्मा म्हणाली. "म्हातारे दोन मागनं धरत्यात. म्होरं कुनी न्हाई. त्यातली दोन पाठवा."

सभागृहात कुणी हललं नाही. कुणी काय हलणार? सरपंचांनी माईक उचलला आणि परत खाली ठेवला. पहिल्या रांगेतले आठ जण मांडीवर हात ठेवून बसले होते. रेश्मा आमच्या उत्तराची वाट बघत होती, आणि आमचं उत्तर उशिरा येत असेल असं तिला वाटत होतं. अर्धं मिनिट तरी ती तशीच बघत राहिली.

मग तिनं पदर खोचला. लंकाबाईनं फोन दगडाला टेकवून ठेवला आणि तीही गेली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आम्हाला नुसते पाय दिसत होते. पुढे दोन बायांचे, मागे दोन म्हाताऱ्यांचे. चिखलात ते दोनदा थांबले, बाज एकदा कलली, आणि मग पाय पडद्याबाहेर गेले. पडद्यावर कडुनिंब राहिला. आदिनाथनं जमिनीवर डोकं ठेवलं.

सरपंच म्हणाले, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. सगळे उभे राहिले. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला, मग शांतता. पडद्यातून ओढ्याचा आवाज येत होता, आणि खरा ओढाही ऐकू येत होता, एकाच्या मागून दुसरा.

दोन मिनिटं झाल्यावर बन्सी रजिस्टर घेऊन रांगेतून फिरू लागला. शोकसभेची नोंद ठेवायची आहे, सरपंचांनी सांगितलंय, असं तो प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होता. लोक सही करत होते आणि बाहेर जात होते. दाराशी येईपर्यंत पानं भरत आली होती. त्यानं रजिस्टर माझ्यापुढे धरलं, पेन उघडून दिलं. मी नेहमीसारखी पूर्ण सही केली, खाली तारीखही घातली.